स्पिनिंगच्या क्लासला येणारे तिसऱ्या महिन्यात का गळतात? (सल्ला हवाय)

पॅडलवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नाशिकला एका जिममध्ये इनडोअर सायकलिंगचे म्हणजे स्पिनिंगचे क्लास घेते, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सात, ४५-४५ मिनिटांचे. खोली छोटी आहे, १४ सायकली, एका भिंतीला आरसा, दोन पंखे आणि एक एसी जो मे महिन्यात फक्त आवाज करतो. जानेवारीत वेटिंग लिस्ट असते. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत सगळे येतात आणि मार्च उजाडला की सकाळच्या बॅचला पाच डोकी. फी भरलेली असते तरी येत नाहीत हो! बरं मी कामचुकारपणा करत नाही, दर पंधरा दिवसांनी गाणी बदलते, इंटरव्हल (जोराचे आणि हलके टप्पे) बदलते, आवाज बसेपर्यंत ओरडते. पण परवा एका ताईंना त्यांच्या नवऱ्याने घ्यायला आल्यावर विचारलं आज काय केलं, तर त्या म्हणाल्या "काय करणार, सायकल चालवली". बस. एवढंच. शेजारच्या हॉलमध्ये झुंबा असतो, त्या बायका लिफ्टमध्येसुद्धा स्टेप्स करत असतात, आणि माझ्या लोकांना जिना उतरेपर्यंत क्लास विसरायला झालेला असतो.

तर प्रश्न असा की जागेवर बसून पाय फिरवायचे, यात लक्षात राहण्यासारखं काय करता येईल? मोठा स्क्रीन, रंगीत लाइट वगैरे सुचवू नका प्लीज, मालकांना विचारून झालंय, ते म्हणाले आधी पंख्याला ग्रीस लाव.

तिरकस तात्या
सोपं आहे. सायकली उचला, रस्त्यावर न्या, चालवा. नाशकासारख्या गावात राहून खोलीत सायकल चालवायला पैसे भरतात हेच मला कळत नाही. पॅडल मारून जो माणूस कुठेच पोचत नाही त्याला काय आठवणार? (हलके घ्या)

पॅडलवाली
तात्या, हलकेच घेतलं :) पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना सकाळी मुलांच्या व्हॅनच्या आधी मोजून एक तास मिळतो, दोघांचे गुडघे दुखतात, एका काकांना रस्त्यावर एकदा ट्रकने घासल्यापासून भीती बसलीय. त्यांना रस्ता नकोच आहे असं नाही, जमत नाहीये.

घाटवेडा
तात्यांशी अर्धा सहमत. मी मूळचा रस्त्यावरचा माणूस, पण जुलै-ऑगस्टात घरी ट्रेनर (सायकल जागेवर धरून ठेवणारं स्टँड) लावून चालवतो त्यामुळे तुमच्या लोकांचं दुःख मला माहितीय. रस्त्यावर दमायला होतं पण कंटाळा येत नाही कारण पुढचं वळण दिसत असतं, तिथपर्यंत जाऊ मग बघू असं करत करत माणूस घाट चढून जातो. खोलीत काय असतं? "रेझिस्टन्स वाढवा, अजून एक, आता ३० सेकंद". पॅडलचा जडपणा का वाढवा? कुठे चाललोय? कुणी सांगतच नाही.

तुमच्या दारात कसारा घाट आहे ना ताई. तुमच्या बॅचमधला प्रत्येक माणूस त्या घाटाने मुंबईला शेकडो वेळा गेला-आला असेल. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत साधारण तीनशे मीटर चढ. क्लास सुरू होताना एवढंच सांगा की आज आपण कसाऱ्याला उभे आहोत आणि इगतपुरीला पोचलो की क्लास संपला. मग आकडे बोलायचेच नाहीत, वळणं बोलायची. पुढे एक ट्रक कण्हत चाललाय, त्याच्या मागे मागे चला. आता कठड्यावर माकडं बसलीत. आता धुकं लागलं. लोकांनी डोळे मिटले तरी त्यांना दिसेल कारण ते त्यांनी पाहिलेलं आहे, तुम्ही फक्त आठवण करून द्यायची.

अजून एक. रेल्वेचा तिथला चढ ३७ ला १ (३७ मीटर गेलं की १ मीटर वर) आहे म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जास्तीची इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना. तुमच्याकडचे दणकट लोक मागच्या रांगेत बसवा आणि त्यांना बँकर करा. पुढचे दमले की बँकरनी एक मिनिट उभं राहून जोर लावायचा आणि पुढच्यांनी तेवढ्यात श्वास घ्यायचा. करून बघा, मी आमच्या ग्रुपमध्ये ट्रेनरवर केलंय, भांडणं होतात बँकर कोण यावर.

चाकोरीबाहेर
घाटवेडा म्हणतात ते नवीन नाही, उलट हेच मूळ आहे. स्पिनिंग हा शब्द ट्रेडमार्क आहे हे किती जणांना माहितीय? जोनाथन गोल्डबर्ग ऊर्फ जॉनी जी नावाचा दक्षिण आफ्रिकेतून कॅलिफोर्नियात आलेला सायकलपटू, त्याने ऐंशीच्या दशकात रेस अॅक्रॉस अमेरिकाच्या म्हणजे रॅमच्या (अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) तयारीसाठी घरातल्या घरात चालवायला स्वतःच सायकल बनवली, रात्री रस्त्यावर चालवणं धोक्याचं म्हणून. मग गॅरेजमध्ये मित्र जमायला लागले आणि त्यातून क्लास निघाले. म्हणजे ही खोलीतली सायकल जन्मालाच आली ती लांबच्या रस्त्यासाठी. आणि रॅम पुरी करणारी पहिली भारतीय जोडी कुठली? नाशिकचीच की! डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, २०१५, दोघांनी मिळून साधारण ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. पॅडलवाली ताई, हे क्लासमध्ये सांगितलंत का कधी?

पॅडलवाली
महाजन बंधू माहिती नसलेला नाशिककर सापडणार नाही, पण त्यांचा आणि माझ्या खोलीतल्या सायकलचा असा काही संबंध असेल हे आत्ता कळलं. सांगणार.

तबलजी ठाणेकर
गाण्यांबद्दल मी बोलतो. तबला वाजवतो आणि गेली दोन वर्षं स्पिनिंगलाही जातो. बऱ्याच क्लासमध्ये गाणं एकीकडे चाललेलं असतं आणि पाय दुसरीकडे, शिक्षक म्हणतो बीटवर चला आणि तो बीट कुणाच्याच पायात बसणारा नसतो.

हिशोब साधा आहे. पॅडलच्या एका फेरीत दोनदा दाब पडतो, एकदा डावा एकदा उजवा. म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचं गाणं लावलं तर फेऱ्या ६४, हे चढासाठी. १८० ठोक्यांचं लावलं तर ९०, हे सपाटीसाठी. चढाला ६० ते ८० फेऱ्या आणि सपाटीला ८० ते ११०, याच्या बाहेर सहसा जाऊ नये असं सांगतात. वर गेलं की माणूस सीटवर उडायला लागतो आणि खाली गेलं की सगळा भार गुडघ्यावर. तर गाणी निवडताना आधी ठोके मोजा, मोबाइलवर मोजायची फुकट अॅप्स आहेत, आणि मगच ते गाणं तुम्हाला किती आवडतं ते बघा.

आता गंमत सांगतो, ही मला चालवता चालवता कळली. केरवा ताल आठ मात्रांचा. एक मात्रा एक पाय असं चाललं तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सारखी एकाच पायावर येते, समजा डाव्या. पाचवी मात्रा पण डाव्यावरच. दहा मिनिटांनी डावा पाय जास्त राबतोय असं वाटायला लागतं, आणि खरंच राबत असतो कारण समेवर आपण नकळत जोर देतोच. दादरा मात्र सहाचा, तीन तीन. पहिली मात्रा डाव्यावर, चौथी उजव्यावर. जोर आपोआप दोन्ही पायांत वाटला जातो. दादऱ्यातलं एखादं शांत गाणं चढाला लावून बघा, माणसं झुलत झुलत चढतात आणि चेहऱ्यावर त्रास दिसत नाही. रूपक लावू नका, सात मात्रा, दर आवर्तनाला सम पाय बदलते, लोक मोजत बसतील आणि हँडल सोडतील.

नाशिक ढोल शेवटी वाजवा, दीड मिनिट फक्त. सबंध क्लास ढोलावर घेतला तर मिरवणूक होते, व्यायाम होत नाही.

कायदेबाज
अवांतर पण महत्त्वाचं. जिममध्ये गाणी वाजवणं म्हणजे सार्वजनिक वादन, त्याला लायसन लागतं, आणि स्वतःच्या स्पॉटिफायच्या अकाउंटवरून धंद्याच्या जागी वाजवणं त्यांच्या अटीत बसत नाही. मालकांना ग्रीसबरोबर हेही सांगा.

सोडून गेलेला
मी तो माणूस आहे जो मार्चमध्ये येत नाही. म्हणून लिहितोय, नाहीतर मीही वाचनमात्रच.

वय ५३, बँकेत नोकरी. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरात होतो तिथे क्लास लावला, नाव घेत नाही. पहिल्या दिवशी कुणी सीट लावून दिली नाही. शेजारच्याचं बघून बसलो, घरी गेल्यावर दोन दिवस खुर्चीवर बसता येईना, बँकेत उभ्याने सह्या केल्या. नंतर एका मित्राने सांगितलं की सायकलशेजारी उभं राहिलं की सीट कमरेच्या हाडापर्यंत यायला पाहिजे आणि पॅडल खाली गेल्यावर गुडघा जरासा वाकलेला राहायला पाहिजे. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात हो.

खोली अंधारी. शिक्षक माइकवरून "पुश इट गाईज" ओरडायचा, मला पहिले काही दिवस वाटलं काहीतरी ढकलायचंय. समोर स्क्रीनवर सगळ्यांची नावं आणि आकडे, मी शेवटून पहिला, रोज. पंचविशीतल्या पोरांच्या खाली माझं नाव लाल अक्षरात. मला कुणाला हरवायचं नव्हतं, डॉक्टरांनी शुगर कमी करायला सांगितली होती.

पाच आठवडे गेलो. पाच आठवड्यांत त्या शिक्षकाने मला नावाने हाक मारली नाही. "हिरवा टीशर्ट, सर, कम ऑन." मग एकदा ताप आला म्हणून आठवडा चुकला आणि मग जावंसंच वाटलं नाही. कुणाचा फोन नाही, मेसेज नाही. पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने भाजी घेऊन चाललो होतो तर खालचा वॉचमन म्हणाला, काय साहेब, बरेच दिवसांत दिसला नाहीत, बरं आहे ना? त्या सबंध जिममध्ये मला ओळखणारा तो एकच.

ताई, तुमची गाणी चांगली असतील, घाटही चांगला. पण आधी वहीत प्रत्येकाचं नाव आणि त्याच्यासमोर सीटचा आणि हँडलचा नंबर लिहून ठेवा. माणूस आत येण्याआधी त्याची सायकल लावलेली असेल तर तो पुन्हा येईल, माझ्यापुरतं तरी खात्रीने सांगतो.

जर्सीकाकू
सोडून गेलेला, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं आणि वॉचमनवर हसूही आलं.

मी न्यू जर्सीत असते. इथे हे क्लास म्हणजे देवळात गेल्यासारखं करून टाकलंय. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये सोलसायकल निघालं, अंधार, मेणबत्त्या, शिक्षक व्यासपीठावर बसून आयुष्यावर बोलतो, लोक रडतात वगैरे. मी गेलेय, खोटं कशाला बोलू, एकदा मीही रडले. पण दुसऱ्या वेळी तेच वाक्य त्याच जागी आलं तेव्हा चिडले. त्यामुळे पॅडलवाली, इथलं बघून काही उचलू नकोस. उचलायचंच तर एक गोष्ट उचल, इथे एक शिक्षिका होती ती क्लास संपल्यावर दारात उभी राहायची. बाकी काही नाही, दारात उभी राहून प्रत्येकाला एक वाक्य. मला म्हणाली होती, आज तुझे खांदे खाली होते, छान. आठ वर्षं झाली, अजून आठवतंय.

मानसरंग
काकूंच्या दारातल्या बाईंना बहुतेक हे शास्त्र माहितीच होतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंशाच्या थंड पाण्यात एक मिनिट हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेच एक मिनिट, आणि वर अजून अर्धा मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशापर्यंत कोमट, म्हणजे कोमट कसलं, जरा कमी गार. मग विचारलं यातलं कुठलं परत कराल? बहुतेकांनी लांबलेलं दुसरं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा. आपण अनुभवाची बेरीज लक्षात ठेवत नाही, त्यातला टोकाचा क्षण आणि शेवट लक्षात ठेवतो.

आणि हे सायकलवर करून पाहिलेलं आहे, २०१६ साली. एका गटाला सुरुवातीला जोर आणि मग उतरत उतरत हलकं, दुसऱ्याला उलटं, हलक्यापासून चढत जोरापर्यंत. ज्यांचा जोर उतरत गेला त्यांना नंतरही तो व्यायाम जास्त सुखाचा आठवला आणि पुढच्या वेळीही बरं वाटेल असं त्यांना वाटलं. आता तुमचा क्लास आठवा ताई. शेवटच्या पाच मिनिटांत काय असतं?

पॅडलवाली
शेवटची पाच मिनिटं सांगते. साडेतीन मिनिटांचा जीव खाऊन स्प्रिंट, कारण मला वाटायचं शेवट दणक्यात व्हायला पाहिजे. मग एक मिनिट हळू. मग ट्यूबलाइट लावतो, मावशी पोछा घेऊन दारात उभ्या असतात कारण पुढची बॅच. मी सायकली पुसत असते, लोकांकडे माझी पाठ असते. म्हणजे मीच पाणी गार करत नेत होते आणि वर पाठ फिरवत होते. अरे देवा.

डॉ. बिनकोट
उशिरा आलो. दोन-तीन गोष्टी, कारण उत्साहात हे राहून जातं.

नवीन माणसाला पहिल्याच क्लासला पेटवू नका. बरेच महिने काही न केलेला माणूस पहिल्या दिवशी ४५ मिनिटं जीव तोडून चालवतो आणि दोन दिवसांनी मांड्या सुजून, कोकाकोलासारखी लघवी होतेय म्हणून येतो. स्नायू तुटून त्यातला प्रथिनांचा गाळ किडनीत जातो, ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात, स्पिनिंगच्या पहिल्या क्लासनंतर झालेल्या केसेस वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलेल्या आहेत. लघवीचा रंग बदलला तर लिंबूपाणी पीत घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना. पहिले दोन-तीन क्लास नवीन लोकांना अर्ध्यावर उतरायची मुभा द्या, आणि ती सगळ्यांसमोर द्या म्हणजे लाज वाटणार नाही.

जोर मोजायला आकड्यांपेक्षा बोलणं वापरा. शेजारच्याशी गप्पा मारता येतायत ते सोपं, तुटक तुटक बोलता येतंय ते मध्यम, फक्त हुंकार निघतोय ते जास्त. आवाजाचं पण बघा, ८५ डेसिबल आठ तास चालतो असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० ला पंधराच मिनिटं. लोकांचं ठीक आहे, ते एक क्लास करून घरी जातात. तुम्ही रोज दोन घेता. कान तुमचे जातील.

पॅडलवाली
सगळ्यांचे आभार. पहिला शनिवार झाला, वृत्तांत देते, फार चांगला नाहीये.

वही केली. सीटचे नंबर लिहिले. मग रात्री जागून कसारा घाटावर दोन पानं लिहून काढली, धुकं, माकडं, ट्रकच्या मागे लिहिलेली वाक्यं सगळं. आणि क्लासमध्ये चाळीस मिनिटं न थांबता वाचत सुटले. साधारण विसाव्या मिनिटाला मागच्या रांगेतले एक काका (बँकर!) म्हणाले, "मॅडम, जरा गप्प बसा, घाट बघू द्या." सगळे हसले, मीही हसले, पण लागलं.

दुसरं, तबलजींचं ऐकलं नाही. नाशिक ढोल दीड मिनिट म्हणाले होते, मी पाच मिनिटं लावला. लोकांनी ढोल ऐकला आणि रेझिस्टन्सचे नॉब सैल केले, पाय नुसते भिरभिरायला लागले, एका ताईंचा पाय पट्ट्यातून निसटला आणि फिरतं पॅडल पोटरीवर बसलं. मोठं काही नाही, बर्फ लावला, पण निळं पडलंय. त्या म्हणाल्या काही होत नाही, मला मात्र रात्रभर झोप नाही.

एक चांगलं झालं. शेवटची आठ मिनिटं उतरती ठेवली, इगतपुरी आली म्हटल्यावर सगळ्यांनी आपणहून श्वास सोडला, एक जण म्हणाला "गरम भजी". पोछ्यावाल्या मावशींना पाच मिनिटं थांबवलं.

घाटवेडा
अहो या सायकलींचं चाक जड असतं आणि पॅडलला पक्कं जोडलेलं, आपण पाय थांबवला तरी ते फिरतच राहतं. रस्त्यावरच्या सायकलची सवय असलेला माणूस इथेच फसतो. वेग वाढवायचा असेल तर थोडा तरी रेझिस्टन्स पायाखाली पाहिजेच. आणि प्रत्येक क्लासच्या सुरुवातीला नॉब खाली दाबून चाक थांबवायला लावा, सगळ्यांना, रोज. बस सुटायच्या आधी ब्रेक बघतात तसं.

बाकी काकांचं बरोबर आहे. घाट दाखवा, कॉमेंट्री नको. एक वाक्य, मग दोन मिनिटं गप्प.

तिरकस तात्या
मी सांगितलं होतं.

जर्सीकाकू
तात्या, तुम्ही काय सांगितलं होतंत? तुम्ही तर सायकली बाहेर काढा म्हणाला होतात.

पॅडलवाली
दीड महिन्याने परत आलेय, धागा वर काढतेय. माफ करा लांबलचक होणार.

दुसऱ्या शनिवारी कसारा पुन्हा घेतला, कमी बोलून. बरा झाला. तिसऱ्या शनिवारी काय घ्यावं सुचेना, सप्तशृंगी गडाचा विचार होता पण मी तिथे गाडीनेच गेलेय, नांदुरीहून गडापर्यंतचा तो दहा-एक किलोमीटरचा रस्ता मला पायांनी माहिती नाही. तेवढ्यात एक मूळचे खानदेशातले भाऊ आहेत सकाळच्या बॅचला, फारसं बोलत नाहीत, ते म्हणाले मी लहानपणी चैत्रात वडिलांबरोबर चालत जायचो गडावर. मी म्हटलं मग आज तुम्हीच सांगा ना. ते घाबरले. म्हणाले मला इंग्लिश येत नाही. मी म्हटलं इथे कुणाला यायला पाहिजे?

सायकलवर बसूनच सांगत होते, दम खात खात. रात्री चालायचं कारण दिवसा डांबर पोळतं. वडिलांच्या खांद्यावर झेंडा. नांदुरीला पोचेपर्यंत पाय बधिर आणि मग खरा चढ सुरू. ते म्हणाले "इथून वर बघायचं नाही, पुढच्या माणसाच्या टाचा बघायच्या". आणि काय सांगू, तेरा माणसांनी माना खाली घातल्या. मी रेझिस्टन्स वाढवा असं एकदाही म्हटलं नाही, त्यांनी आपापला वाढवला. मी संगीतही बंद केलं होतं, फक्त चाकांचा घुं घुं आवाज आणि ते भाऊ.

तेव्हापासून शनिवारचा रस्ता मी ठरवत नाही. ज्याचा असेल त्याने आणायचा. ग्रुपवर शुक्रवारी कुणीतरी लिहितं उद्या माझा. एका काकूंनी बाळंतपणाला रिक्षाने दवाखान्यात गेल्या तो रस्ता घेतला, त्याला स्पीडब्रेकर किती! प्रत्येक स्पीडब्रेकरला उभं राहायचं, पोटं दुखेपर्यंत हसलो. एकाने नाशिक ते पंढरपूर सायकलवारी केलेली, त्याने त्यातला फक्त एक तास आणला, दुपारचा, पाणी संपलेलं. ट्रकने घासलेले काका आहेत ना, त्यांनी शाळेचा रस्ता घेतला. वडिलांची काळी सायकल, उंची पुरायची नाही म्हणून नळीखालून पाय घालून अर्धं अर्धं पॅडल मारत सहा किलोमीटर, चढ नाही काही नाही, फक्त उलटा वारा. मी दोन्ही पंखे त्यांच्या बाजूला वळवून फुल केले. काका डोळे मिटून चालवत होते. संपल्यावर म्हणाले, शाळेत पोचल्यावर वाऱ्याने केस असे उभे राहायचे, मास्तर हसायचे. बोलताना सारखा हात डोक्यावर फिरवत होते, आता तिथे केस नाहीत.

तबलजी, बाकीचे दिवस तुमच्या हिशोबानेच गाणी लावते, चढाला दादरा खरंच चालतो. पण संध्याकाळच्या बॅचला हे रस्ता प्रकरण अजिबात नको आहे. तिथे सगळी आयटीवाली पोरं, ती म्हणतात मॅडम दिवसभर मीटिंगमध्ये लोकांच्या गोष्टीच ऐकतो, तुम्ही फक्त गाणी वाजवा आणि ओरडा. त्यांना तेच देते. त्यांना आकडे आवडतात, मग फळ्यावर त्यांचा मागच्या आठवड्याचा आकडा लिहिते, शेजारच्याचा नाही, स्वतःचाच. सोडून गेलेला दादा, हे तुमच्यामुळे.

सकाळी एप्रिलमध्येसुद्धा नऊ-दहा जण असतात. दोघी मुलांच्या परीक्षेमुळे थांबल्या होत्या, मी मेसेज केला होता, एक परत आली एक नाही.

सोडून गेलेला
वाचलं. बदली होऊन मी आता नाशिकपासून फार लांब नाही. बघू.

मानसरंग
संध्याकाळच्या बॅचचं वाचून बरं वाटलं. सगळ्यांना एकच औषध लागू पडलं असं सांगितलं असतंत तर विश्वास बसला नसता.

घाटवेडा
मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट जिंकणाऱ्याला घाटांचा राजा म्हणतात. तुमच्याकडे रस्ता आणणाऱ्याला पण काहीतरी किताब पाहिजे.

पॅडलवाली
आहे की. ज्याचा रस्ता त्याला पंख्याखालची सायकल.

तिरकस तात्या
बाहेरच्यांना शनिवारी येता येतं का? एकदाच. गिरणाऱ्याहून नाशिक, कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या, जाताना भरलेल्या येताना रिकाम्या. अकरा वर्षं घातलंय दूध. रिकाम्या किटल्यांचा आवाज तुमच्या त्या मशीनवर कसा काढणार ते तुम्ही बघा. आणि सीट मला खाली लागते.

पॅडलवाली
या तात्या. साडेसहाला सुरू, तुम्ही सव्वासहाला या. सीट ३ वर लावून ठेवते, पटली नाही तर बदलू. किटल्या घरी असतील तर घेऊनच या.